शिवण सगळ्यात शेवटी

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका मुलीचा आहे. शाळेत असताना चौघी मैत्रिणी मिळून दर स्नेहसंमेलनाला हस्तलिखित काढायच्या. आता एक चिमूरला, एक आर्वीला, एक पुण्यात, आणि ही गावातच. मागच्या वर्षी हिने हाताने एक कोरी वही बांधली, सुरुवातीची दहा-बारा पानं चित्रांनी, चिठ्ठ्यांनी भरली आणि "तू भर आणि पुढे दे" म्हणून चिमूरला पाठवली. तिथून वही आर्वीला गेली आणि सात महिने कपाटात राहिली. परत आली तेव्हा पुठ्ठे पापडासारखे वाकलेले, मधली पानं निघालेली, आणि आर्वीच्या मैत्रिणीची एक रेघही त्यात नाही. पुण्याला तर वही गेलीच नाही. तिने विचारलंय: कागद कोणता घेऊ, शिवण कोणती घालू, पुठ्ठा काहून वाकतो, आणि मैत्रिणींना यात धरून कसं ठेवू?

बाई, पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मला येतात. चौथ्याचं उत्तर शिवणीच्याच प्रश्नात आहे, म्हणून तिथून सुरू करते.

आधी एक काम कर. पानं निघाली तिथे वही उघड आणि घडीच्या दोन्ही बाजूंची पानं मोज. डावीकडे जितकी, उजवीकडे तितकीच हवीत. एक बाजू कमी भरली तर कोणीतरी पान फाडलंय. शिवलेल्या वहीत कुठलंच पान एकटं नसतं, घडीच्या पलीकडे त्याचं जोडपान असतं. एक फाडलं की दुसऱ्यावर दोऱ्याची पकड राहत नाही, ते आठ-पंधरा दिवसांत हातात येतं. म्हणजे खोट तुझ्या शिवणीत नसावी. तिने काहीतरी काढलं असेल, ते मनासारखं झालं नसेल, पान फाडलं असेल आणि मग लाजून वही कपाटात ठेवली असेल. मोजून बघ, पण तिला विचारू नको.

हे मी इतकं छातीठोक सांगते, कारण माझ्याकडे हेच घडलं आहे. २००९ साली आम्ही पाच जणींनी अशीच एक वही फिरवली होती. अडत्याच्या दुकानात असते तशी लाल कापडाची, मीच बांधलेली. पहिल्या मैत्रिणीने धुऱ्यावरचा पळस असा काही रंगवला की पुढचीचे हातच गळाले. नंतर ती म्हणाली, "तुमच्या पानाशेजारी माझं पान म्हणजे शालूला गोणपाटाचं ठिगळ." चौदा महिन्यांनी वही परत आली तेव्हा तीन पानं गायब होती आणि त्यांची तीन जोडपानं लोंबत होती. तेव्हा मला राग आला होता. खरं तर चूक माझी होती. बांधलेली वही हातात दिली की माणूस घाबरतो. त्यात चुकायला जागा नसते. चुकलेलं पान राहिलं तर आयुष्यभर दिसणार, आणि फाडलं तर वही मोडणार.

म्हणून आता मी वही फिरवत नाही, जुजं फिरवते. चार-पाच कागद एकात एक दुमडून जी जुडी होते तिला जुने बाइंडर जुज म्हणतात, आणि ती शिवण्याला जुजबंदी. जुज म्हणजे भाग. आपण 'जुजबी' म्हणतो तो शब्दही त्याच घरचा. छापखान्यात फर्मा म्हणतात, ते जवळपास हेच. प्रत्येकीला एक जुज द्यायचं. चार कागद, आठ पानं, सोळा बाजू. सगळ्यांचं माप एक, भोकं एकाच साच्याने आधीच पाडलेली. त्यात तिने काय वाटेल ते करावं. एक पान बिघडलं तर तो अख्खा कागद काढून दुसरा घालावा, कोणाला कळणारही नाही. सोबत दोन कागद जास्तीचे द्यायचेच. शिवायचं मात्र सगळ्यात शेवटी, चौघी एका ठिकाणी जमल्यावर.

यात नवं काही नाही. आपल्याकडे पोथ्या कित्येक शतकं सुट्याच राहिल्या. पानं एकावर एक, वर-खाली लाकडी फळी, आणि सगळं रुमालात बांधलेलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरसारख्या महानुभावांच्या गावी अशा पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतल्या गेल्या. एक पान खराब झालं तर तेवढंच नव्याने लिहिता येतं, आणि चार जण एकाच वेळी चार पानं लिहायला बसू शकतात.

आता कागद. गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जो ए-फोर मिळतो तो घेऊ नको. कागद वाईट नसतो, पण यंत्रावर झालेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. पुस्तकात ते तंतू घडीला समांतर हवेत. ए-फोरमध्ये ते बहुधा लांबीकडून असतात, आणि कागद मधोमध दुमडला की घडीला आडवे येतात. मग घडी खरबरीत पडते, पानं ताठ उभी राहतात आणि खळ लागली की लाटा येतात. कुठला कागद कसा आहे हे बघायचं तर आगपेटीएवढा तुकडा काप, कुठली बाजू कुठे होती त्याची पेन्सिलने खूण कर आणि एका अंगाला ओलं बोट फिरव. तुकडा गुंडाळतो. त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेने लांब, तोच ग्रेन. माझ्या शाळेतल्या पोट्ट्यांना हा प्रयोग जादूसारखा वाटायचा.

यवतमाळच्या एखाद्या मोठ्या दुकानातून कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेच्या जाडसर कागदाचे पूर्ण ताव आण, १३० ते १५० जीएसएम वजनाचे, आणि घरी ग्रेन बघून काप. जलरंग जास्त वापरणार असाल तर हातकागद उत्तम. त्यात तंतू सगळीकडे विखुरलेले असतात, त्यामुळे ग्रेनची कटकट जवळपास राहत नाही. हातकागद म्हणजे मुळात सुती चिंध्यांचा लगदा, आणि कापूस तर आपल्या वावरातलाच. वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा मगनवाडीत घाणी आणि मधमाशांबरोबर हातकागदाचंही काम चाललं, आणि पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. मराठवाड्यात दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तर हे काम त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. हातकागदावर बॉलपेन अडखळतं आणि शाईचं पेन कधीकधी पसरतं, म्हणून घेण्याआधी कोपऱ्यावर लिहून बघ. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.

पुठ्ठा का वाकतो? कापड किंवा कागद खळीने ओला झाला की पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. बाहेरून कापड ओढत असेल आणि आतून तितकंच ओढणारं काही नसेल तर पुठ्ठ्याचे कोपरे बाहेर वळतात. आतली पुस्ती, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला लागणारा कागद, कडेकडेने न चिकटवता पूर्ण खळ लावून बसवली की दोन्ही ओढ सारख्या होतात. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, तोही उभाच हवा. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे ऊन. चैत्र-वैशाखात पारा ४५ ला टेकतो तेव्हा ब्रश फिरवेपर्यंत खळीवर साय धरते. वरून सुकतं, आतून ओलं राहतं. त्या दिवसांत मी पहाटे पाचला काम करते आणि पुठ्ठे दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून पाट्याखाली ठेवते. दोन दिवस. मधे एकदा कागद बदलायचे, नाहीतर बुरशी येते. पावसाळ्यात तर पुठ्ठ्याचं काम काढूच नको. श्रावणात बांधलेली वही पोळ्यापर्यंत दमट राहते आणि कसर आधी तिच्याच खळीवर येते.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरट दूध जाऊन मिश्रण काचेसारखं दिसायला लागलं की उतरव. लागेल तेवढीच कर, दुसऱ्या दिवशी आंबते. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. तू घालू नको. ते विष आहे, घरात लहान लेकरं असतात, आणि तांब्याचा अंश कागदालाही हळूहळू कमकुवत करतो. फेविकॉल लवकर धरतो, पण एकदा धरला की सोडत नाही. पुढे कधी दुरुस्ती करायची म्हटली तर कागद फाडावा लागतो. खळ पाण्याने सुटते.

खरं सांगू का, फिरत्या कामाला मी पुठ्ठा वापरतच नाही. अडत्यांच्या जुन्या लाल वह्यांचं वेष्टण आठव. मऊ, जाड कापडाचं, झोळीत कोंबलं तरी काही होत नाही, आणि वाकायला पुठ्ठाच नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घे, दोन पदर कर, मधे एक कागद घाल आणि खळीने चिकटवून पाट्याखाली सुकव. सुकल्यावर ते चामड्यासारखं ताठ-मऊ होतं.

आता शिवण, आणि ही नीट वाच. जुजाच्या घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन वर-खाली टोकांपासून दीड-दोन सेंटिमीटर आत. पुस्तक आठ इंचांपेक्षा उंच असेल तर पाच. पोती शिवायचं दाभण वापरू नको, भोक फार मोठं पडतं. जाड सुई पऱ्हाटीच्या कांडीत ठोकून घे, झाला टोचा. वेष्टणाच्या पाठीवर अशाच तीन भोकांच्या चार उभ्या रांगा पाड, एकेका जुजाला एकेक. दोन रांगांत अर्धा सेंटिमीटर अंतर ठेव. रिकाम्या जुजाला ते जास्त वाटेल, पण भरून आलेलं जुज फुगलेलं असतं.

दोरा गोधडीचा जाड सुती. मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढून घे म्हणजे गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. लांबी जुजाच्या उंचीच्या तिप्पट. जुज मधोमध उघडून मांडीवर घे. आतून मधल्या भोकातून बाहेर जा, वेष्टणासकट, आणि आत वीतभर शेपूट ठेव. बाहेरून वरच्या भोकातून आत ये. आतल्या आत मधलं भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर पड. बाहेरून पुन्हा मधल्या भोकातून आत ये. आता दोन टोकं आत आहेत आणि त्यांच्यामधून लांब टाका गेला आहे. तो मधे धरून गाठ मार, म्हणजे गाठ त्यालाच आवळते. दोरा ओढायचा तो घडीला समांतर. घडीशी काटकोनात ओढलास तर सुती दोरा करवतीसारखा कागद कापतो. नव्या हाताची निम्मी पुस्तकं इथेच फाटतात.

या शिवणीत प्रत्येक जुज आपापल्या दोऱ्यावर आणि आपापल्या गाठीवर असतं. एकीचं काढून पुन्हा शिवलं तरी बाकीच्यांचं सैल होत नाही. म्हणून आमच्याकडे जिचं जुज तीच शिवते. मग बाहेर पाठीवर चार रांगा दिसतात, एक घट्ट, एक सैल, एकीचा दोरा लाल. आमच्यातल्या एकीचा टाका दर वेळी वाकडा जातो. पुस्तक न उघडता पाठीवरून कळतं की ती आहे.

जुजात काय चिकटवायचं यावर थोडं. एसटीच्या मशीनमधून निघतं ते तिकीट चिकटवू नको. तो उष्णतेवर छापणारा कागद असतो, काही महिन्यांत अक्षर उडतं, आणि उन्हात तापला तर सगळा काळा पडतो. माझं आख्खं प्रवासाचं पान असं कोरं झालं. त्याची झेरॉक्स लाव. बियाण्याच्या पिशव्यांची चित्रं फार सुंदर असतात, पण त्या प्लास्टिकच्या, खळ धरत नाहीत. टाके घालून शिव. पानंफुलं चांगली पंधरा दिवस रद्दीत दाबल्यावरच. आणि जितकी पानं तू चिकटवून जाड करशील, तितक्याच दोन बोटं रुंद कागदी पट्ट्या दुमडून घडीत घाल. त्या नसल्या की पुस्तक कण्याकडे सपाट आणि बाहेरच्या कडेला मुठीसारखं फुगतं, मिटतच नाही.

पळसाच्या फुलांचा रंग काढायचा मोह होळीच्या सुमारास होणारच. फुलं उकळून, तुरटी घालून सुंदर केशरी-पिवळा येतो. फक्त तो उन्हात उडतो. एका पट्टीवर लाव, अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली झाकून खिडकीत ठेव आणि पंधरा दिवसांनी बघ. मी तरीही वापरते, मिटलेल्या पुस्तकात बरीच वर्षं राहतो. हिरडा आणि लोखंडाची काळी शाई करायला सोपी आणि दिसायला झकास, पण ती वर्षानुवर्षं कागद खाते. जुन्या पोथ्यांचं अक्षर अजून काळंभोर दिसतं ते काजळीच्या शाईमुळे: दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक, पाणी, आणि खलाचा कंटाळा येईस्तोवर घोटणं. काजळी कागदाचं काही बिघडवत नाही.

शहरात याला आर्टिस्ट बुक म्हणतात आणि कुठेकुठे काचेखाली ठेवतात. त्या शब्दाने दबून जाऊ नको. लंडनला विल्यम ब्लेक या कवी-चित्रकाराने १७८० च्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या कविता स्वतः कोरून छापायला घेतल्या, तेव्हा त्याची बायको कॅथरिन घरीच छापायला आणि रंग भरायला हात लावायची. न्यूयॉर्कमध्ये १९७६ ला 'प्रिंटेड मॅटर' नावाची संस्था निघाली ती कलाकारांची पुस्तकं स्वस्तात लोकांच्या हाती जावीत म्हणून. हातात जाणं महत्त्वाचं. आमच्या गावात एक काका आहेत, बोटाला थुंकी लावल्याशिवाय त्यांना पान उलटत नाही. त्यांच्यासाठी मी खालचा कोपरा कोराच सोडते.

आता मैत्रिणी. जुज देताना तारीख सांग, आणि ती सगळ्यांच्या सवडीची धर. कापूस वेचायच्या दिवसांत दिलंस तर गावाकडच्या दोघींकडून काही येणार नाही, त्यात त्यांचा दोष नाही. आम्ही दसऱ्याच्या आधी देतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमतो, त्या निमित्ताने बायांना माहेरी यायला मिळतं. जुजं पोस्टाने पाठव, पण आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये. एकदा माझं पार्सल भिजून आलं आणि गुलाबी शाई आठही पानांतून आरपार गेली. मैत्रीण म्हणाली, राहू दे, हेच चांगलं दिसून राहिलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या पानांचे फोटो टाकायचे नाहीत, हा आमचा एकच कडक नियम. माझा अनुभव असा की फोटोवर चार अंगठे आले की त्या पानातला जीव संपतो, पुढची पानं होत नाहीत. शिवून झाल्यावर काय टाकायचं ते टाका. आणि कोणी काय काढलं हे जमायच्या दिवसापर्यंत एकमेकींना माहीत नसतं, त्यामुळे शालू आणि गोणपाट शेजारी येतात ते शिवतानाच, तेव्हा कोणाला घाबरायला वेळ नसतो.

ते पुस्तक मग राहतं कोणाकडे? आमच्यात दर संक्रांतीला घर बदलतं. चौघींना चार प्रती हव्या असतील तर प्रत्येकीने आपलं जुज चार वेळा करायचं, भेंडीचे-बटाट्याचे ठसे किंवा झेरॉक्सवर रंग. पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी एकच पुस्तक.

आणि पुण्याची मैत्रीण कोरं जुज घेऊन आली तर? शिवायचं. आमच्या २०१२ च्या पुस्तकात एक जुज कोरंच शिवलं. छपरीत बसलो होतो, तिघींचं शिवून झालं, आणि चौथी पदराखाली जुज धरून बसलेली. आम्ही सुई ओवून तिच्या हातात दिली. तिने तीन भोकं शिवली, गाठ मारली, आणि मग पेन्सिल मागून पहिल्या पानावर खाली लहान अक्षरात लिहिलं: तुरीचं थ्रेशर आलं होतं. पुढच्या वर्षी पुस्तक तिच्याच घरी होतं. आता त्यातली पाच पानं भरली आहेत.

तुला पानाची उंची-रुंदी काय हवी ते कळव. भोकांचा साचा मी कापून ठेवते, आणि आर्वीला जास्तीचे कागद दोन नको, चार दे.